अबोल माणसाचा विश्वास कमी असतो का?

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे, आणि थोडा रागातच लिहितो आहे.

जळगावला एका मंडळीत ‘स्वभाव आणि सेवा’ या विषयावर शिबिर झाले. प्रश्नपत्रिका भरायची, त्यावरून तुम्ही सोळांपैकी कोणत्या प्रकारात मोडता ते ठरणार. कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या ग्रंथाच्या आधारे अमेरिकेतल्या ब्रिग्ज आणि मायर्स या मायलेकींनी ही पद्धत बसवली. जन्मभर पेपर तपासले म्हणून असेल, पण एका पेपरावरून माणसाचा निकाल लावायला माझा हात धजत नाही. असो. गंमत म्हणून भरायला हरकत नव्हती.

राग आला तो पुढे. जे ‘अंतर्मुख’ निघाले त्यांना सांगण्यात आले की संकोच सोडा, मोठ्याने प्रार्थना करा, साक्ष द्या, म्हणजे विश्वास वाढेल. म्हणजे स्वभाव हाच आजार!

माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीला आम्ही अक्का म्हणतो. त्या धुळ्याला असतात. प्रभुभोजनाचे पेले चाळीस वर्षे त्यांनी धुतले. कोणी आजारी पडले की डबा घेऊन हजर. उभे राहून चार शब्द बोलणे मात्र त्यांना कधी जमले नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मंडळीत कोणीतरी तोंडावर विचारले, “तुमचे तारण नक्की झाले आहे ना?” तेव्हापासून अक्का रविवारी घरीच असतात.

मोठ्या आवाजाचे कैवारी १९०५ सालच्या केडगावच्या संजीवनाचा दाखला देतात. तिथे मुक्ती मिशनमधल्या मुली एकाच वेळी मोठ्याने, रडत प्रार्थना करीत, हे खरेच. मला त्याचे वावडे नाही. पण त्याच पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून वर्षानुवर्षे बायबलच्या भाषांतराला बसल्या होत्या. ते काम टाळ्या वाजवून होत नाही.

आणि टिळकांचे घर? ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली, स्वतःची खात्री पटल्यावर. एक भावनेच्या भरात वाहून जाणारा, दुसरी संसाराची ओढाताण सांभाळून वर हसवणारी. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना सांगायला नको. आपल्या धरणगावचे बालकवीही त्या घरात राहून गेले, ते तिसऱ्याच तऱ्हेचे. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे बाईंनीच पुरे केले. तिथे कोणी कोणाला फॉर्म भरायला लावला नव्हता.

पौलाने करिंथकरांना शरीराच्या अवयवांचा दाखला दिला, तो संडे स्कूलमध्ये आपण मुलांना शिकवतो. आमच्याकडे मात्र हात, पाय, कान सगळ्यांनी तोंडच व्हायचे!

पुढच्या आठवड्यात धुळ्याला जातो आहे, पाळकसाहेबांची भेट मागितली आहे. शिबिराच्या फॉर्मची मागची बाजू कोरी होती. अक्का कोणाकोणाकडे डबा घेऊन गेल्या, त्यांची नावे सौ.ला विचारून तिथे लिहितो आहे. काल रात्रीपर्यंत एकवीस झाली.