विसर्जन मूर्तीचं, मखराचं नव्हे!

मला एक गोष्ट अजिबात कळत नाही. गणपतीची मूर्ती दरवर्षी नवी आणायची, पूजायची आणि विसर्जित करायची, इथपर्यंत ठीक. ती पार्थिव मूर्ती, मातीतून आलेली, मातीत जाणारी. पण मखर? मखराचं विसर्जन करा असं कुठल्या पोथीत लिहिलंय? तरीही अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी कुठल्याही सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यांशेजारी जाऊन बघा. सनबोर्डचे खांब, फोमची कमान, प्लॅस्टिकच्या झेंडूच्या माळा, सोनेरी कागद चिकटवलेला मोर... सगळं उताणं पडलेलं. दहा दिवसांपूर्वी याच्यासमोर उभं राहून आपण फोटो काढत होतो.

आणि हे फेकणारे कोण? तर आपणच. क्युबिकलमधली जनता. आमच्या टीममध्ये गेल्या वर्षी चौघांनी मखर 'ऑर्डर' केलं. एकाने साडेचार हजार मोजले. घरी माणसं येऊन लावून गेली, पाच दिवसांनी काढून न्यायचे वेगळे पैसे. पुढच्या वर्षी काय, विचारलं तर म्हणाला, "पुढच्या वर्षी वेगळी थीम!" अरे, घर आहे की मॉल?

याच लोकांच्या ऑफिसात डिसेंबरात काय होतं बघा. ॲडमिनचा माणूस स्टोअररूममधून एक लांबडा खोका काढतो. त्यात प्लॅस्टिकचं झाड, गेल्या वर्षीचंच. तेच लाल-सोनेरी गोळे, तोच एक पंख तुटलेला देवदूत. दोन तासांत झाड उभं, जानेवारीत परत खोक्यात. म्हणजे कंपनीला जे कळतं ते आपल्याला घरी कळत नाही!

नाताळाच्या सजावटीतली खरी गंमत तो खोकाच आहे असं मला वाटतं. जर्मनीतल्या लाउशा गावचे काच फुंकणारे कारागीर एकोणिसाव्या शतकात झाडावर टांगायचे काचेचे गोळे करायला लागले. १८४८ साली लंडनच्या एका साप्ताहिकात राणी व्हिक्टोरियाच्या घरच्या झाडाचं चित्र छापून आलं आणि इंग्रजांच्या घरोघरी ते वेड पोचलं. पण ते टिकलं का? कारण गोळा जपून ठेवता येतो. झाड दरवर्षी नवं आणलं तरी चालतं, त्याच्यावरचे दागिने मात्र आजीचे. हा अमुक साली घेतला, हा मामाने पाठवला, हा तू तीन वर्षांचा असताना फोडलास, त्याचा अर्धाच उरलाय. झाड सजवायला बसलं की घराचा इतिहास आपोआप वाचून होतो. आपल्याकडे वसईच्या ख्रिस्ती घरांत गोठा मांडतात, त्यातल्या मेंढ्या आणि मेंढपाळ असेच कागदात गुंडाळून ठेवलेले असतात.

आता कोणी म्हणेल, हे सगळं परक्यांचं कौतुक, आपलं काय? थांबा. आपलंच सांगायला बसलोय.

माझं आजोळ पेणचं. पेण म्हटलं की गणपती. पेण, हमरापूर, जोहे या भागात घराघरात कारखाने, जवळजवळ वर्षभर काम. ज्याने मूर्तीच्या डोळ्यांची आखणी एकदा जवळून बघितली आहे, तो नवी मूर्ती दरवर्षी का घ्यावी असं विचारणार नाही. हात थरथरला की देव रागावलेला दिसतो. तर अशा या गावात आजोबांच्या घरी मखर मात्र एकच. सागवानी, सुताराकडून करून घेतलेलं, सगळे भाग सुटे होणारं. प्रत्येक तुकड्याच्या मागे ऑइलपेंटने आकडा: '१ डावा', '१ उजवा', '४ वरची कमान'. माळ्यावरून तुकडे खाली आले की आम्ही पोरं आकडे जुळवायचो. मी पुढे इंजिनिअरिंगला गेलो, पण असेंब्ली ड्रॉइंग म्हणजे काय ते मला तिथेच कळलं होतं. :-)

मखर तेच, म्हणून सजावट तीच असं कोणी समजू नका. एका वर्षी मागे साडी, एका वर्षी नुसती केळीची पानं, एका वर्षी मामाने रंगीत पताकांचं छत केलं. चौकट जुनी आणि वरचं नवं. थीमवाल्यांना हेच लक्षात येत नाही की दरवर्षी सगळंच नवं असलं तर नवं काय ते दिसतच नाही.

पेणहून दिवा-रोहा गाडीने शेवटपर्यंत गेलं की रोहा. तिथे माझी आत्या. तिच्याकडे जे होतं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते आता जवळजवळ संपलंय. चैत्रगौर! चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गौर माहेरी येते, पाळण्यात बसते, आणि एका दिवशी हळदीकुंकू. आंबेडाळ आणि पन्हं सगळ्यांना आठवतं (खायचं बरोबर आठवतं!), पण गौरीपुढची आरास किती जणांना आठवते? पायऱ्या करायच्या, म्हणजे ट्रंका आणि डबे एकावर एक ठेवून वर पांढरी चादर. आणि त्यावर घरातलं जे जे सुंदर ते सगळं. कलिंगडाचं कमळ, करंज्या, आणि खेळणी. आत्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत काचेची बदकं होती, लाकडी ठकी होती, चिनीमातीची कोंबडी, शिंपल्यांचं घर, मण्यांचा पोपट. नंतर त्यात आतेभावाने ऑनसाईटहून आणलेला बोटाएवढा आयफेल टॉवरही आला आणि बिनधास्त गौरीच्या उजवीकडे बसला. कोणालाही त्यात खटकलं नाही. वर्षाला एखादी वस्तू वाढायची, बस.

तमिळ लोक नवरात्रात हेच करतात. गोलू. विषम संख्येच्या पायऱ्या, त्यावर बाहुल्या, पिढ्यान् पिढ्या जपलेल्या. त्यांची पोरं बंगलोरला, न्यूजर्सीला गेली तरी बाहुल्यांचा खोका बरोबर नेतात. आमच्या टीममधली एक मुलगी दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात तीन पायऱ्यांचा गोलू मांडते. आणि आपण? "चैत्रगौर? ते आई करायची." संपलं.

दिवाळीच्या किल्ल्याचंही तेच. मावळे म्हणजे खरं तर आपल्या पोरांचा पहिला संग्रह. जुन्या बुटांच्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. तलवार मोडलेला मावळा चिलखती बुरुजावर उभा करायचा म्हणजे हात दिसत नाही, महाराज सिंहासनावर, गुहेत वाघ, उतारावर अळीव पेरलेले. आता तयार किल्ला मिळतो, प्लास्टरचा, वर गवतही रंगवलेलं. चिखल नाही, भांडणं नाहीत. मग उरलं काय?

आता आक्षेप घेऊ. पहिला नेहमीचा: "देवाची वस्तू परत वापरू नये." मग समई दरवर्षी नवी घेता का? चौरंग? देशावर गौरींचे पितळी मुखवटे सासूकडून सुनेकडे जातात, ते कोणी नदीत टाकत नाही. दुसरा: "फ्लॅटमध्ये जागा नाही." मित्रा, तुझ्या माळ्यावर टीव्हीचा खोका आहे, तीन मोबाईलचे खोके आहेत, बंद पडलेला राउटर आहे आणि कशाच्या आहेत हे देवालाही माहीत नसलेल्या केबल्स आहेत. त्यात एक ट्रंक बसेल. तिसरा आक्षेप त्या 'मिनिमलिझम'वाल्यांचा, ज्याने आनंद होत नाही ते टाकून द्या म्हणणाऱ्यांचा. टाका की! पण मग दरवर्षी नवं आणून टाकायचं याला काय म्हणायचं? साठवणारा पसारा करतो आणि फेकणारा साधा, हे गणित मला मान्य नाही. फेकणाऱ्याचा पसारा डंपिंग ग्राउंडवर असतो, एवढाच फरक.

चौथा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो माझ्या बायकोने घेतला. "हे सगळं जपायचं कोणी? तुझ्या आजीने आणि आत्याने. पुसायचं, गुंडाळायचं, डांबरगोळ्या टाकायच्या. तुझे आजोबा आकडे घालून मोकळे झाले." याला उत्तर नाही. जुन्या सजावटीचे गोडवे गाणाऱ्या पुरुषांनी (यात मी आलोच) आवराआवरीच्या दिवशी सुट्टी टाकावी, एवढंच म्हणतो. गणपती येतो त्या दिवशी टाकतोच आपण. जातो त्याच्या दुसऱ्या दिवशीही टाकावी. बायको "बघू" म्हणाली.

राहिला सरकारचा भाग. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिक-थर्माकोलबंदी आली. मखरवाले माल करून बसले होते, ते त्या वर्षीच्या गणपतीपुरती सूट मागायला उच्च न्यायालयात गेले, ती मिळाली नाही. त्या लोकांचं नुकसान झालं, त्याचं वाईट वाटतं. पण आपण काय धडा घेतला? थर्माकोल गेलं, फोम आणि सनबोर्ड आलं. फेकायची सवय जागेवरच! पीओपी की शाडू यावर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या नियमांपासून २०२५ च्या कोर्टातल्या सुनावण्यांपर्यंत रणं झाली. होऊ देत, पेणकरांचं पोट त्यावर आहे. पण मखराच्या बाबतीत ना कोर्टाची गरज आहे, ना कारागिराचं पोट मारायची. साडेचार हजार दरवर्षी देण्यापेक्षा एकदाच बारा-पंधरा हजार सुताराला द्या. ते जड वाटत असेल तर पुठ्ठ्याची घडीची मखरं मिळतात, नानासाहेब शेंडकरांनी ती कितीतरी वर्षं केली. नीट ठेवली तर अनेक गणपती निघतात.

असो. ज्यांना पटलंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. ट्रंक पत्र्याचीच घ्या. आपल्या कोकणातल्या पावसात पुठ्ठ्याचा खोका म्हणजे बुरशीला आमंत्रण. दिव्यांच्या माळा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळा, नुसत्या कोंबल्या तर पुढच्या वर्षीचा अख्खा विकांत गाठी सोडवण्यात जाईल. काचेच्या वस्तूंना जुने सुती कपडे, वर्तमानपत्र नको, शाई लागते. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. काय आहे, कोणी आणलं, कुठल्या वर्षी. आत्याच्या झाकणावर असा कागद आहे. पहिल्या ओळी बोरूच्या अक्षरात, मधल्या बॉलपेनने, शेवटची आयफेल टॉवरची, आतेभावाच्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात. खाली अजून सात-आठ ओळींची जागा आहे.