उशीखालची पुस्तकं

मैत्रिणींनो,

'तुम्ही काय वाचता?' असं आम्ही मागच्या अंकात विचारलं होतं. उत्तरं भरपूर आली. ताराबाई शिंदे, सावित्रीबाई, आत्मचरित्रं, कायद्याची माहिती देणाऱ्या पुस्तिका. यादी वाचून मन भरून यावं अशीच आहे. फक्त ती आमच्या नाशिकच्या केंद्रातल्या कपाटाशी जुळत नाही. त्या कपाटात सगळ्यात खिळखिळं झालेलं पुस्तक आहे अ‍ॅगाथा ख्रिस्तीचं, मधुकर तोरडमलांनी मराठीत आणलेलं. त्याच्या खालोखाल सुमती क्षेत्रमाडे. पुस्तिका मात्र कोऱ्या करकरीत!

तेव्हा कुणीतरी सुरुवात करायला हवी म्हणून मीच सांगते. मी रहस्यकथांची जुनी, पक्की वाचक आहे. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) मी भाड्याच्या लायब्ररीतून आणून वाचले. धनंजय, झुंजार, काळा पहाड सगळेच. हजारावर पुस्तकं लिहिली या माणसाने आणि महाराष्ट्राच्या एका अख्ख्या पिढीला वाचायची चटक लावली. साहित्याच्या इतिहासात मात्र त्यांच्या वाट्याला जेमतेम एखादा परिच्छेद येतो. पुढे सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास आला, तोही सोडला नाही. आणि दोन खुनांच्या मधे चवीला प्रेमकथा. त्याची मला लाज वाटत नाही.

पण आपल्याकडे बाईच्या वाचनाला नेहमी कारण द्यावं लागतं. पोथी वाचली तर पुण्य, पाककृती वाचली तर घराचा फायदा, आणि आपल्या चळवळीत आलं की प्रबोधन. नुसतं मजेसाठी वाचणं कुठल्याच खात्यात बसत नाही. घरचा पुरुष पेपर उघडून तासभर बसला तर त्याला कुणी हाक मारत नाही. बाईने कादंबरी उघडली की दूध उतू जातं, पाहुणे येतात, कुणाचा तरी शर्ट सापडत नाही. म्हणून पुस्तक जातं उशीखाली, नाहीतर डाळीच्या डब्यामागे. आपल्या गटातली एक ताई धुणीभांडी करते. ती म्हणाली, "दुपारी दोन ते अडीच मी कुणाचीच नसते, तेव्हा वाचते." त्या अर्ध्या तासात तिने काय वाचावं हे आपण ठरवायचं का?

'बायकी कादंबऱ्या' म्हणून ज्यांना नाकं मुरडली गेली, त्या लिहिणाऱ्या बायका कोण होत्या तेही बघावं. सुमती क्षेत्रमाडे डॉक्टर होत्या. रत्नागिरीच्या कुसुम अभ्यंकरही डॉक्टर, आणि त्या तर विधानसभेतही निवडून गेल्या. दिवसभर रोगी तपासून, लोकांची गाऱ्हाणी ऐकून यांनी लिहिलं. त्यांच्या कादंबऱ्यांत नायिकेचं शेवटी लग्न होतं हे खरं, पण त्याआधीची दोनशे पानं ती आपल्याला काय हवंय याचा विचार करत असते. हा विचार तिला घरात कुणी करू दिला असता?

चंद्रकांत काकोडकरांच्या 'शामा'ची गोष्टही आठवते. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात ती आली, अश्लील म्हणून खटला झाला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अश्लील नाही असं म्हटलं. खटल्यात चर्चा झाली ती कोवळ्या वयाच्या वाचकांवर काय परिणाम होईल याची. दुपारी दार लोटून असलं साहित्य वाचणाऱ्या हजारो बायकांना त्यात काय सापडत होतं, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

आता मला आवडतं म्हणून सगळंच गोड मानायचं असं नाही. जुन्या रहस्यकथांत बाई बहुतेक वेळा दोनच जागी सापडते, जमिनीवर मरून पडलेली किंवा सिगारेट ओढत खलनायकाच्या शेजारी उभी. झुंजारची विजया बरोबर असते, पण गोष्ट झुंजारची. म्हणूनच ख्रिस्तीची मिस मार्पल मला इतकी जवळची वाटते. १९३० साली कादंबरीत अवतरलेली ही खेड्यातली म्हातारी, अविवाहित, हातात विणकाम. तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही, म्हणून तिच्यासमोर सगळे बोलतात. ज्याला लोक बायकांच्या चांभारचौकशा म्हणतात, त्यातूनच ती खुनी शोधते. आणि ख्रिस्तीला विषांची इतकी बारीक माहिती कुठून? पहिल्या महायुद्धात ती दवाखान्यात औषधं देण्याचं काम करत होती तिथून. बाईचं काम, बाईची नजर!

इथे मला मंजुश्री सारडाची आठवण होते. पुण्यात जून १९८२ मध्ये, लग्नाला चार महिने होताहेत तोच, पोटॅशियम सायनाइडने तिचा मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कशी अखंड हवी, याची पाच सूत्रं त्या निकालात आहेत. आजही देशभर ती उद्धृत होतात. मंजुश्रीने माहेरी आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती. आपल्याला त्यात छळ दिसला. न्यायमूर्तींना त्यात आत्महत्येची शक्यताही दिसली, म्हणजे शंका उरली, आणि शंकेचा फायदा आरोपीला. 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन त्या अस्वस्थतेतूनच गावोगाव फिरलं.

शंकेचा फायदा आरोपीला मिळावा हे तत्त्व मला मान्य आहे. खटकतं ते त्याच्या आधीचं. रहस्यकथेत गुप्तहेर येईपर्यंत खोली बंद असते, पेला जागच्या जागी असतो. आपल्याकडे सासरची मंडळी तोवर फरशी पुसून मोकळी झालेली असतात. स्टोव्ह भडकला म्हणून सांगितलेल्या किती मृत्यूंत कुणी विचारलं की स्टोव्हमध्ये रॉकेल किती होतं? कडी आतून होती की बाहेरून? पहिलं कोण धावलं? लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाई संशयास्पद रीतीने मेली तर शवविच्छेदन करायला लावणारी तरतूद १९८३ मध्ये आली. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे. पण कलम कागदावर असतं, आणि प्रश्न विचारायला माणूस लागतं. आपल्या गटातल्या ज्या बायका असे प्रश्न चटकन विचारतात, त्या बहुतेक रहस्यकथा वाचणाऱ्या निघाल्या. हा काही अभ्यास नव्हे, माझं निरीक्षण.

तर पुढच्या मासिक बैठकीत आपण दोन कामं ठेवली आहेत. पहिल्या तासात एक वकील मैत्रीण पंचनामा कसा वाचायचा, त्यात काय लिहिलेलं नाही हे कसं ओळखायचं, ते सांगणार आहे. नंतर चहा, आणि प्रत्येकीने आपल्या उशीखालचं एक पुस्तक आणून त्याबद्दल बोलायचं. खुनी कोण ते मात्र कुणी सांगायचं नाही.

तुमची,
संपादक