आधी चिठ्ठी, मग चर्चा

प्रशिक्षणाहून परतलेल्या घरातल्या लेकीला किंवा सुनेला विचारून पाहा, ‘आज काय शिकलीस?’ बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘चहा झाला, पडद्यावर काहीतरी दाखवलं, सह्या केल्या आणि आलो.’ ती आशाताई असो, अंगणवाडी सेविका असो, बँकेत असो की शाळेत, तक्रार एकच. हा कंटाळा घालवायला हल्ली प्रशिक्षणात खेळ घेतात. फुगे फोडतात, संगीत खुर्ची होते. झोप उडते, हसू येतं. दुसऱ्या दिवशी काम मात्र पूर्वीसारखंच.

इतकी वर्षं वर्गात काढल्यावर एवढं नक्की सांगता येतं की करमणुकीचा खेळ वेगळा आणि शिकवणारा खेळ वेगळा. शिकवणारा खेळ कामातल्या एखाद्या अवघड निर्णयातून तयार होतो. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला लेनिनग्राडमध्ये मेरी बिर्शटाइन या बाईंनी कारखान्यातल्या अधिकाऱ्यांसाठी असा खेळ रचला. त्याचा विषय होता टाइपरायटरच्या कारखान्यातलंच काम.

आपल्या पालघर जिल्ह्याला तर खेळातून शिकवण्याचा मोठा वारसा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. दगड, शिंपले, पानं, फुलं हेच शिकवण्याचं साहित्य. शिकणारा जिथे आहे तिथे जायचं आणि त्याच्या हाताशी असेल त्यातून शिकवायचं, हा त्यामागचा साधा नियम. तो कामावरच्या मोठ्या माणसांनाही तितकाच लागू पडतो.

याच जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात तो किती गरजेचा आहे ते पाहा. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी अवघा महाराष्ट्र हादरला होता. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. वावर-वांगणीनंतरच्या वर्षांत योजना आल्या, आशाताई आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी बाळाच्या घरी जायचं, असा नियम आहे. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशीची भेट वाढते. हे आकडे पाठ करून घेता येतात. पण पाड्यावरच्या घरात बाळाला दवाखान्यात हलवायचं की थांबायचं, हे त्या क्षणी तिलाच सांगावं लागतं. घरच्यांना कसं समजवावं हे पाठांतराने येत नाही. त्याचा सराव लागतो आणि तो बाळाचा जीव धोक्यात न घालता व्हायला हवा. खेळाचं खरं काम इथे आहे.

उपकेंद्रावरच्या मासिक बैठकीत असा एक खेळ घेता येईल. नर्सताई, आशाताई, अंगणवाडी सेविका मिळून पाच-सहा जणी पुरेत. साहित्य म्हणजे दहा-बारा पुठ्ठ्याचे तुकडे, कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन. पुठ्ठ्यावरचे प्रसंग त्यांनीच लिहायचे, पण कोणत्या घरातला प्रसंग ते ओळखू येणार नाही असे. उदाहरणार्थ:

‘तिसरा दिवस. बाळ सकाळपासून दूध ओढत नाही, हातपाय गार लागतात. आजी म्हणते, भगताला बोलावलंय, उद्या बघू.’

‘बाळ दहा महिन्यांचं. दंडाचा घेर ११.३ सेंटिमीटर. आई म्हणते, परवा आम्ही जगायला वीटभट्टीवर चाललो.’

प्रसंग मोठ्याने वाचायचा. मग कुणीही बोलायचं नाही. मी आधी काय करीन आणि घरच्यांना कोणत्या शब्दांत सांगीन, या दोनच गोष्टी प्रत्येकीने लिहायच्या आणि चिठ्ठी पालथी ठेवायची. जिला लिहिणं जड जातं तिने शेजारणीच्या कानात सांगावं. मग सगळ्या चिठ्ठ्या उघडायच्या. सर्वांत नवी असेल तिची आधी, नर्सताईची शेवटी. जिथे उत्तरं वेगळी निघाली तिथे ‘का?’ विचारायचं. शेवटी पुस्तिका उघडून पाहायचं. पहिल्या बाळाला उद्यापर्यंत थांबवायचं नाही; आईच्या अंगाशी, उबेत ठेवून लगेच हलवायचं. दुसऱ्याचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी आहे, म्हणजे तीव्र कुपोषण. निघण्याआधी त्याला डॉक्टरांना दाखवायचं आणि ज्या गावी चालले तिथल्या सेविकेला कळवायचं.

मग दुसरी फेरी. त्याच प्रसंगावर एक अडचण टाकायची: फोनला रेंज नाही, पावसाने रस्ता बंद आहे, बाप घरी नाही. पुन्हा चिठ्ठी, पुन्हा चर्चा. पुस्तिकेत नसलेलं शहाणपण या फेरीत बाहेर येतं. कोणत्या गल्लीत रेंज मिळते, कोणाची जीप रात्रीही निघते, कोणत्या आजीचा शब्द पाड्यावर चालतो, हे जुन्या आशाताईंना ठाऊक असतं.

आधी चिठ्ठी का? सहीह बुखारीत एक प्रसंग आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी सोबत्यांना कोडं घातलं: एक झाड आहे, त्याची पानं गळत नाहीत, ते मुसलमानासारखं आहे, कोणतं ते सांगा. लोक रानातली झाडं आठवू लागले. अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) यांच्या मनात खजूर आलं, पण थोरांसमोर बोलायचा त्यांना संकोच वाटला. पुढे त्यांनी हे वडिलांना सांगितलं, तेव्हा तू बोलला असतास तर मला फार आवडलं असतं, असं हजरत उमर (रजि.) म्हणाले. प्रत्येक कार्यालयात असा एखादा इब्न उमर गप्प बसलेला असतो. साहेब आधी बोलले की बाकीच्यांची उत्तरं साहेबांसारखी होतात. चिठ्ठी लिहून झालेली असली की मत बदलून टाकायची वेळच येत नाही.

या खेळात फासे नकोत, पैज नको, पहिला नंबरही नको. आपल्या अनेक घरांत फासे आणि पैज टाळतात, ती काळजी इथेही योग्यच आहे. फाशाने निर्णय नशिबावर जातो आणि बक्षिसाने माणूस उत्तर लपवायला शिकतो. किती प्रसंगांत उत्तरं वेगळी आली, एवढंच फळ्यावर मांडायचं. पुढचं प्रशिक्षण त्यावरच घ्यायचं.

याचा उपयोग होतो का? झारखंड आणि ओडिशात ‘एकजुट’ संस्थेने २००५ ते २००८ या काळात गावातल्या महिलांच्या मासिक बैठका घेतल्या. चित्रांची कार्डं, गोष्टी आणि खेळ यांतून अडचण शोधायची आणि उपायही बायांनीच ठरवायचा, अशी पद्धत होती. त्याचा अभ्यास २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. बैठका झालेल्या भागांत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू इतर भागांपेक्षा ४५ टक्क्यांनी कमी होते. त्या बैठका कर्मचाऱ्यांच्या नव्हत्या आणि सगळं श्रेय खेळाचंही नाही. महिनोन्‌महिने एकत्र बसून, बोलून, ठरवलेलं करून पाहण्याचं ते फळ आहे. एका दिवसाच्या खेळाने तेवढं होणार नाही.

आपल्या वाचकांत कुणाचं गॅरेज आहे, कुणाची बेकरी, कुणी बचत गट चालवतं, कुणी मकतबात शिकवतं. हाच खेळ तिथेही चालेल. गॅरेजमध्ये लिहा: ‘ब्रेकचं काम अर्धं झालंय, गिऱ्हाईक म्हणतं आत्ताच गाडी द्या.’ मकतबात लिहा: ‘एक मूल तीन दिवस गप्प आहे, सबक देत नाही.’ कामावर नव्याने आलेल्या पोराची चिठ्ठी आधी उघडा, मालकाची शेवटी. आणि महिन्याभराने पुन्हा एकत्र बसून एकच प्रश्न विचारा: मधल्या काळात असा प्रसंग खरंच आला का, आणि तेव्हा आपण काय केलं?