पडलेला लॅपटॉप आणि लोकांच्या नोंदी

सातपुड्याच्या पायथ्याशी यावल, रावेर, चोपडा, शिरपूर या तालुक्यांत वनहक्काच्या दाव्यांचे काम करणाऱ्या कार्यकर्त्याच्या पिशवीत आज कागदांच्या जोडीला लॅपटॉपही आला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आदिवासी कसणाऱ्याला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवून द्यावा लागतो. त्यासाठी जमवलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या, वृद्धांचे जबाब, ग्रामसभेचे ठराव आणि मोजणीचे नकाशे यांच्या प्रतिमा त्या यंत्रात असतात. खडकाळ वाटेवर ते एकदा आपटले तर काय गमावले जाते, याचा हिशेब बाजारभावाने होत नाही. डिस्कची किंमत काही हजार रुपये. तिच्यातील नोंदींमागे मात्र कित्येक माणसांचे श्रम आणि जमिनीचा हक्क उभा असतो. विनिमयमूल्य आणि उपयोगमूल्य यांतील अंतर याहून स्पष्ट क्वचितच दिसेल.

म्हणूनच पडलेल्या यंत्राची परीक्षा कशी करावी, हा प्रश्न केवळ कारागिराचा नाही. चळवळीच्या कामासाठी येणारे लॅपटॉप बहुधा जुने, कोणी वापरून दिलेले असतात आणि त्यांत अनेकदा फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असते. तबकडी मिनिटाला सामान्यतः ५,४०० फेरे घेते आणि नोंद वाचणारे शीर्ष तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. केसाची जाडी या अंतराच्या हजारो पट भरते. चालू स्थितीत धक्का बसला की शीर्ष तबकडीवर आदळू शकते. ओरखडा पडतो, त्यातून कण सुटतात आणि पुढच्या प्रत्येक फेऱ्यागणिक जखम वाढत जाते.

यावरून पहिला नियम निघतो तो हा की, यंत्र पडल्यावर ते पुन्हापुन्हा सुरू करून पाहू नये. ठराविक अंतराने टक् टक् असा किंवा घासल्याचा आवाज येत असेल, तर वीज तत्काळ तोडावी. हा बिघाड यांत्रिक असतो. डिस्कचे झाकण घरी उघडणे म्हणजे धुळीला आमंत्रण देणे होय; हे काम धूळमुक्त प्रयोगशाळेचे आहे. आवाज नाही, पण यंत्राला डिस्क दिसतच नाही, असे असेल तर धक्क्याने निव्वळ जोडणी सैल झाली असण्याचाही संभव असतो. आणि डिस्क दिसते, पण फायली उघडायला फार वेळ लागतो, मध्येच यंत्र थबकते, तर डिस्कने स्वतःविषयी ठेवलेली नोंद वाचावी. ‘स्मार्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या नोंदीत बदलून टाकलेल्या आणि वाचता न आलेल्या कप्प्यांची संख्या असते. ती वाढत असेल, तर डिस्क मरणपंथाला लागली असे समजावे. मात्र ती शून्य असली म्हणून निश्चिंत राहता येत नाही. २००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निकामी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी या प्रमुख खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती.

येथे बहुतेकांच्या हातून एक चूक घडते. डिस्क आजारी दिसताच ‘दुरुस्ती’ करणारी आज्ञा चालवली जाते. तिने डिस्कवर ताण पडतो, लेखनही होते आणि जे वाचले असते तेही जाते. आधी संपूर्ण प्रत, मग दुरुस्ती, हाच योग्य क्रम होय. ‘डीडीरेस्क्यू’ ही प्रणाली धड भाग प्रथम उतरवून घेते आणि दुखऱ्या भागाकडे नंतर वळते. ती मुक्त प्रणाली आहे. जगभरच्या कसबी माणसांनी असे ज्ञान मालकीविना सर्वांच्या हाती ठेवले आहे.

याउलट बाजाराची रीत पाहावी. बॅटरी चिकटवलेली, साठवण मुख्य फलकावरच झाळलेली, सुटे भाग दुर्मीळ. अशा यंत्रात ग्राहकापुढे नवे घेण्यावाचून फारसा मार्ग उरत नाही. नव्या साठवणीत फिरते भाग नसल्याने ती धक्का अधिक सोसते, परंतु ती बिघडते तेव्हा पुष्कळदा पूर्वसूचना देत नाही. दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये समिती नेमली. परंतु समिती म्हणजे कायदा नव्हे, आणि हक्क केवळ शिफारशींनी मिळत नसतात.

तोवर हाती असलेले साधन एकच, ते म्हणजे प्रत. खानदेशाला हे नव्याने सांगण्याची गरज नसावी. १९२६ साली धुळ्यात ज्यांचे देहावसान झाले, त्या वि. का. राजवाडे यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळली, ती कसर, वाळवी आणि अनास्था यांच्या तावडीतून सोडवली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने २२ खंडांत छापली. मूळ कागद उद्या नष्ट झाला तरी मजकूर उरावा, अशी तजवीज छापील प्रतींनी आपोआप झाली.

तीच तजवीज आज प्रत्येक तालुका कार्यालयाने करावयास हवी. दाव्यांच्या कागदांच्या तीन प्रती असाव्यात. एक यंत्रात, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी. महिन्यातून एकदा त्या उघडून पाहाव्यात, कारण न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे. मूळ कागद तर कोणत्याही यंत्राच्या भरवशावर टाकून देऊ नयेत. यंत्रे पडतील, बिघडतील, बदलतील. परंतु ज्या माणसाने आपल्या वडिलांच्या दंडाची पावती विश्वासाने कार्यकर्त्याच्या हाती दिली, त्याला ‘डिस्क गेली’ असे उत्तर देण्याचा अधिकार कोणत्याही चळवळीला नाही.