बोर्हेसचे शहर आणि गुरुवारची फेरी

साहित्याचा वाचक ब्वेनोस आइरेसला जातो तो बहुधा बोर्हेसचे बोट धरून. हाताशी एकच दिवस असेल तर मार्गही ठरलेला: १९१९ च्या नाट्यगृहात थाटलेले ‘एल अतेनेओ’ हे पुस्तकांचे दुकान, १८५८ पासूनचे तोर्तोनी कॉफीगृह आणि मेहिको रस्त्यावरची राष्ट्रीय ग्रंथालयाची जुनी वास्तू. १९५५ साली बोर्हेस या ग्रंथालयाचा संचालक झाला, तेव्हा त्याला अक्षरे दिसेनाशी झाली होती. (‘दक्षिण अमेरिकेचे पॅरिस’ हा पर्यटनपुस्तिकांचा मजकूर मी सोडून देतो.)

माझे मत असे की, तो दिवस गुरुवार असावा आणि दुपारी साडेतीनला पाय प्लासा दे मायो या चौकाकडे वळावेत. ग्रंथालयापासून तो पायी जाण्याइतपत जवळ आहे. लष्करी राजवटीने पळवून नेलेली आपली मुले कोठे आहेत, एवढेच विचारायला ३० एप्रिल १९७७ रोजी काही माता येथे जमल्या. घोळका करून थांबायला मनाई होती. पोलिसांनी ‘चालत राहा’ म्हटले, आणि त्या चालू लागल्या. त्यांच्या डोक्यांवरचे पहिले पांढरे रुमाल म्हणजे बाळांच्या लंगोट्यांचे कापड. ज्यांनी आरंभ केला त्यांतल्या तिघींना त्याच वर्षी डिसेंबरात पळवून ठार करण्यात आले. फेरी आजही निघते; माता आता मोजक्याच उरल्या आहेत.

या चौकाच्या पूर्वेस गुलाबी रंगाचे राष्ट्राध्यक्ष-भवन आहे. १९ मे १९७६ रोजी हुकूमशहा विदेलाने लेखकांना तेथे भोजनास बोलावले. बोर्हेस गेला, साबातो गेला. बाहेर आल्यावर बोर्हेसने यजमानाची स्तुती केली. दोनच आठवड्यांपूर्वी कादंबरीकार आरोल्दो कोंती नाहीसा करण्यात आला होता. त्याची विचारपूस त्या पंगतीत वृद्ध पाद्री-लेखक कास्तेयानी याने केली.

बोर्हेसला येथे दोषी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, आणि ‘कलावंताला राजकारण कळत नाही’ म्हणून सोडून देणे त्याहून सोपे. दोन्ही मला अप्रामाणिक वाटतात. याच बोर्हेसने १९८० मध्ये बेपत्ता माणसांची माहिती मागणाऱ्या जाहीर निवेदनावर सही केली. २२ जुलै १९८५ रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, तो लष्करशहांवरील खटल्याला जाऊन बसला. छळछावणीतून वाचलेल्या एका माणसाची साक्ष त्याने ऐकली आणि तिच्यावर एक छोटा लेख लिहिला. चक्रव्यूहांच्या आणि आरशांच्या कथा शिकवताना तो लेखही वर्गात वाचला जावा.