कोंब आलेला बटाटा फेकू नका!

टोपलीतल्या बटाट्याला कोंब फुटले, की आई म्हणते, "टाकून दे तो." थांबा! तो जिवंत आहे. बटाटा म्हणजे मूळ नव्हे, जमिनीखाली फुगलेलं खोड. आपल्या भरिताच्या वांग्याचा भाऊबंद. त्याच्या डोळ्यांत नवी झाडं दडलेली असतात. जळगावची केळी नाही का, बी न पेरता कंदापासून लावतात? तसंच हे.

दिवाळीनंतर थंडी पडली, की दोन-दोन डोळे राखून फोडी करा. एक-दोन दिवस सावलीत सुकवा. तळाला भोकं पाडलेल्या जुन्या डब्यात माती नि शेणखत भरा. फोड 4 इंच खोल लावा, डोळे वर. झाड वाढेल तशी मातीची भर द्या. उघडा पडलेला बटाटा उन्हानं हिरवा होतो, आणि हिरवा बटाटा विषारी! तो खायचा नाही.

उन्हाळ्यात मात्र घाई नको. रात्रीचं तापमान 20 अंशांच्या खाली असलं, तरच बटाटे नीट पोसतात. जळगाव-धुळ्याचं 40 अंशांवरचं ऊन त्यांना सोसत नाही.

सुमारे 3 महिन्यांनी पाला पिवळा पडला, की पाणी तोडा. आठवड्यानं उकरून पाहा. एका फोडीचे किती झाले, मोजा बरं!