विमानाचं कातडं

आमच्या घरात सध्या दोन पक्ष पडलेत. एका पक्षाचं म्हणणं, काकांचं विमान नवंकोरं करून घ्यावं. जुना कागद सोलायचा, इस्त्रीने चिकटणारी चकचकीत फिल्म लावायची, वर छापील स्टिकर. दुसऱ्या पक्षात मी एकटाच. (बायको तटस्थ आहे, तिला फक्त कपाट रिकामं हवंय.) भाचेमंडळी हा ब्लॉग वाचतात, म्हणून जाहीरपणेच लिहितो.

काका ओझरच्या एचएएलमध्ये होते. १९६४ साली मिग-२१ साठी तो कारखाना उभा राहिला आणि नाशकातल्या कित्येक घरांत विमान हा जेवताना बोलायचा विषय झाला. आठवडाभर खरी विमानं, आणि सुट्टीच्या दिवशी बाल्सा लाकडाचं, दोन तारांवर गोल फिरणारं. पंखांवर टिश्यू कागद आणि त्यावर डोप. हा डोप सुकताना कागदाला डफासारखा ताणतो. त्या कागदावरच काकांनी ब्रशने अंक आणि हवाई दलाचं तिरंगी वर्तुळ रंगवलं. म्हणजे कागद सोलला की काकांचं अक्षरही गेलं! माझं भांडण एवढ्यासाठीच आहे.

"खरी विमानंसुद्धा पुन्हा रंगवतातच की," असं मला ऐकवलं गेलं. रंगवतात ना. पण त्यांचे अंक ठरलेल्या मापाचे असतात, पुन्हा तसेच काढता येतात. काकांचा जरा उजवीकडे झुकलेला ५ कुठल्या मापात बसवणार? मिग-२१ तर २६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलातून निवृत्तही झालं. आमच्याकडे त्या दिवसांतलं एवढंच उरलंय.

फिल्मशी माझं वैर नाही. भाच्याच्या विमानावर तीच आहे आणि शिकाऊ हातांना ती बरी. मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहून फुगे आले, तर मंद इस्त्री फिरवली की बसतात. स्टिकरपासून मात्र इस्त्री लांब ठेवायची.

जुन्या कागदाला वेगळी माया लागते. फाटलं तेवढंच ठिगळ, त्याच जातीच्या टिश्यूचं, पातळ डोपने चिकटवलेलं. दिसलं तर दिसू दे. शेपटीकडे तर हात आणखीनच आखडता हवा, कारण तिथे थोडं वजन वाढलं की नाकात त्याच्या कितीतरी पट शिसं भरावं लागतं. इंजिनातून उडालेलं एरंडेल साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचं. थिनर अजिबात नाही, त्याने डोप विरघळतो आणि अंकही. गंमत म्हणजे डोप वर्षानुवर्षं ताणतच राहतो आणि पंखाला पीळ पडतो. म्हणून जुनी माणसं त्यात एरंडेलाचे दोन-चार थेंब घालायची. पडलेला पीळ किटलीच्या वाफेवर धरून, उलटा वळवून, गार होईपर्यंत तसाच धरला की बराचसा जातो.

आणि हो, गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटला पश्चिमेची मोठी खिडकी आहे. विमान तिथे टांगायचा बेत कृपया रद्द करा, उन्हाने रंग विटतो. नखाने दाबल्यावर कागद पापडासारखा तुटायला लागला, तर बदलूच. तेव्हाही अंकांचा तुकडा आधी कापून जपायचा.

डाव्या पंखाला दोन भोकं आहेत. टिश्यू आणलाय. पावसाळ्यात डोप पांढरट पडतो, तेव्हा दिवाळीनंतरचा एखादा रविवार धरू. गच्चीवरच बसावं लागेल, घरात तो वास सुटला तर बायको तटस्थ राहायची नाही.